लेओकादीच्या बापाची केळबाग

लेओकादी आता पलीकडच्या टेकडीवर दुसऱ्यांची शेते खणते. तिच्यावर कुणीतरी बऱ्या लिहिणाऱ्याने लिहायला हवे होते. मला जमेल तेवढे लिहितो.

यादवीत आमच्या बुरुंडीतल्या या टेकडीचे दोन तुकडे झाले. वर आम्ही तुत्सी, खाली हुतू. मधला ओढा कुणी ओलांडत नसे. पहिल्यांदा ओलांडला तो खालच्या लेओकादीने, डोक्यावर राजम्याची टोपली घेऊन. हळूहळू दोन्हीकडच्या बायका गट करून एकत्र शेत करू लागल्या. तह झाल्यावर ती टांझानियातल्या निर्वासितांच्या छावणीत गेली आणि "चला घरी, आता कुणी मारत नाही," असे समजावून चाळीस कुटुंबे घेऊन आली. त्यात तिचा धाकटा भाऊ सिल्व्हेरही होता.

तो वर्षभर तिच्याच हातचे जेवला. मग म्हणाला, "ताई, बाग बाबांची, म्हणजे माझी. तू सासरचं बघ."

"काय बघू? नवरा मेला, दिरांनी हाकललं. ही केळी मी लावलीत रे!"

बाग गेली तर तिला उभे राहायला वीतभर जागा नव्हती. तिच्याच गटातून संसदेवर निवडून गेलेल्या बाई राजधानीतून आल्या. म्हणाल्या, "वारसाहक्काचा कायदा अजून व्हायचाय, मावशी. तोवर रीतच चालायची."

प्रकरण आम्हा पंचांपुढे आले. बाकीचे भावाच्या बाजूने बोलले. तिने माझ्याकडे पाहिले. युद्ध पेटले त्या पहिल्या दिवसांत तिच्या बाजूची माणसे मला शोधत होती, तेव्हा तिने मला नऊ दिवस कणगीत लपवले होते.

"तुम्ही बोला, दादा."

मी खाली बघत म्हणालो, "रीत आहे ती आहे."

निवाड्यानंतर समेट म्हणून दोघांनी एकाच मडक्यातली केळ्याची दारू नळीने प्यायची असते. सिल्व्हेरने आपली ओढली आणि नळी तिच्यापुढे धरली.

"पी ग ताई, राग सोड."

"तुझा कसला राग? तू लहानपणापासूनच हावरट." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "दादा, नऊ दिवस माझ्या कणगीत गप्प बसून जीव वाचला तुमचा. सवयच लागली वाटतं."

मंडळी हसली. ती उठून चालती झाली. मडके तसेच राहिले. कुणीतरी म्हणाले, निवाडा अर्धवट राहील. म्हणून तिचा वाटा मी प्यालो.