अमीरबीची चिलापी

आमच्या दुसरबीडजवळच्या तलावावर दर रविवारी गळवाले येतात. मेहकरचे, जालन्याचे, कोणी कुठचे. मोटारसायकलीले महागाच्या काठ्या बांधून, टोप्या-चष्मे घालून, जसे लग्नालेच निघाले. मले त्यायचा लय राग येते. पण तलावाच्या वळणावर माह्यं चहा-भज्याचं हॉटेल आहे, आन् रविवारचा गल्ला त्यायच्याच जिवावर भरते, म्हणून मी तोंड बंद ठेवते. पूर्ण बंद काही ते राहत नाही, पण ठेवते.

राग काऊन, ते सांगते. या लोकायले पाहिजे रोहू, कटला, नाही तं मरळ. हातात धरून फोटो काढाले चांगला दिसला पाहिजे ना. गळाले चिलापी लागली की यायचं तोंड कडू झालंच समजा. चिलापी म्हणजे तळहाताएवढी, काट्यायनं भरलेली, चिखलाचा वास मारणारी मासळी. "आली बे पुन्हा ही अवदसा" असं म्हणत ते तिले गळातून सोडवत आन् मागं खडकावर भिरकावून देत. तिथं ती तडफडून मरे. मंग कावळे जमत आन् दोन दिवस माह्या हॉटेलपर्यंत घाण वास येई.

त्या खडकावरून चिलापी उचलणारी एकच बाई मी जिंदगीत पायली. अमीरबी.

अमीरबी आमच्याच गावची. तिचा नवरा नजीरभाई पिंजारी होता. तो कापूस पिंजून गाद्या भरायचा, ही शिवायची. तो वारला तवापासून भरणं आन् शिवणं दोन्ही हिच्याच गळ्यात आहे. एका रविवारी तलावापलीकडच्या वस्तीवर गादी पोचवून येत होती, तं खडकावर पडलेल्या चिलाप्या तिले दिसल्या. पदर खोचून उकिडवी बसली आन् एकेक मासा उलटून पाहत पिशवीत भरू लागली. मले वाटलं, मांजरीसाठी नेऊन राह्यली असन. जवळ जाऊन विचारलं तं म्हणे, आमाले खाले. माह्या तोंडाचं काय झालं असन ते तिनं पायलं आन् हसली.

"संजीवनीताई, जीव घेतला तं खाल्ला पाहिजे. टाकून देणं गुनाह आहे."

मी तिले चहा दिला. तिनं पैसे काढले. मी नको-नको म्हटलं, तिनं ते कपाखाली ठेवले आन् चालती झाली. असा तिचा स्वभाव. कोणाचं फुकट घ्यायचं नाही, कोणाले मागायचं नाही. नजीरभाई गेला तवा सारं गाव म्हणे, काही लागलं तं सांग अमीरबी. तिले एवढ्या वर्षांत काहीच लागलं नाही बाप्पा!

मासे उचलायचेही तिचे कायदे कडक. पाण्यात आपोआप मरून तरंगणारा मासा तिले चालत नाही, तिच्या धर्मात तो मना आहे. खडकावर पडलेला मासा अजून हलत असन तं त्याले पाण्यात सोडून द्यायची. जो गळाले लागून बाहेर आला आन् मेला, तेवढाच पिशवीत. आन् गळवाल्यायले शब्दानं विचारायचं नाही. त्यायनं टाकलं तं उचलायचं, नाही टाकलं तं रिकाम्या पिशवीनं घरी जायचं.

आमची मैतरी जुळली ती चुलीपाशी. माह्या घरची कोंबडी तिले चालत नाही, आन् तिच्या घरचं मटण माह्या सासूनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं. पण माशाले जिबह, म्हणजे अल्लाचं नाव घेऊन गळ्यावर सुरी फिरवणं, लागत नाही. पाण्यातून निघालेला मासा कोणाच्या हातचाही तिले चालते. मंग ती हॉटेलामागच्या माह्या चुलीवर चिलापी रांधू लागली आन् दिवेलागणीले आम्ही दोघी समोरासमोर ताटं घेऊन बसू लागलो. सासू आतून खोकायची. तिचा खोकला मी कधी मनावर घेतला नाही.

अमीरबीचं रांधणं पाहत बसावं असं. आधी मासे राखेत घोळून खडबडीत दगडावर घासायची, खवले निघून जात. मंग बेसन चोळून धुवायची, की चिखलाचा वास पळाला. पाठीवर विळीनं एकीले लागून एक अशा बारीक चिरा पाडायची. गाडग्यात खाली अंबाडीचा पाला, त्यावर मासे, भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला, मीठ, वरून पुन्हा पाला. झाकण कणकेनं लिंपून बंद. खाली गोवऱ्यांचा मंद इस्तू. एकदा लिंपलं की उतरेपर्यंत उघडायचं नाही, चाखायचं नाही. अंबाडीच्या आंबटीनं काटे असे नरम होत की दाताखाली आले तरी कळत नसे. मी पहिल्या वेळी पहिला घास देवाचं नाव घेऊन गिळला. दुसऱ्या घासाले देवाची आठवणही झाली नाही.

अमीरबीले एकच पोरगी, मुबीना. शाळेत असताना तिनं एकदा डब्यात हा मासा नेला, तं बाजूच्या पोट्ट्या नाक दाबून उठून गेल्या. पोरगी रडत घरी आली आन् म्हणे, लोकायनं टाकलेलं आपण काऊन खातो? तवापासून तिनं त्या गाडग्याकडं पायलं नाही. अमीरबीनंही जोर केला नाही. पुढं मुबीना मलकापूरले दिली. जावई वकार, सरकी-ढेपीचं दुकान आहे त्याचं. पोरगा सोन्यासारखा. सासूच्या घरी आला की आधी पाण्याचा हंडा भरून आणते, मंग चहा पिते.

मागच्या साली मुबीनाचं पोट तिसऱ्या महिन्यात पडलं. यंदा पुन्हा दिवस गेले आन् पोटात पाण्याचा घोटही ठरेना. दिवाळी झाल्यावर वकारनं तिले आईकडं आणून सोडली तवा मी तिले ओळखलं नाही. गालाची हाडं वर आली होती. मेहकरच्या डॉक्टरीणबाईनं सलाईन लावली, औषधं दिली आन् अमीरबीले बाजूले घेऊन सांगतलं, हिच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. असंच चाललं तं भरती करावी लागन, आन् बाळाचं मी काही सांगू शकत नाही.

अमीरबीनं काय नाही केलं? पेज केली, खिचडी केली, डाळिंबाचे दाणे एकेक करून तोंडात घातले. पोरगी गिळायची आन् घमेल्यात ओकायची. अमीरबी घमेलं धुवायची आन् पुन्हा चुलीपाशी जायची. हातातली गादी अर्धी शिवलेली तशीच पडली होती. एका दुपारी मुबीना भिंतीकडं तोंड करून हळूच म्हणे, अम्मी, तो अंबाडीतला काटेवाला मासा खावासा वाटते.

अमीरबी पळत माह्याकडं आली. हसत होती आन् रडतही होती.

वकारले फोनवर कळलं तं तो दुसऱ्याच दिवशी मलकापूरहून बर्फात घालून हा एवढा मोठा रोहू घेऊन हजर! बिचाऱ्याले वाटलं, चांगल्यातला चांगला मासा न्यावा. अमीरबीनं जावयाचं मन राखलं, तोच मसाला, तोच पाला घालून रांधला. मुबीनानं एक घास तोंडात घेतला आन् घमेल्याकडं झेपावली. वकार अंगणात जाऊन उभा राह्यला. मले त्याची लय कीव आली.

आता चिलापी आणायची कुठून? बाजारात विचारलं तं मासेवाला म्हणे, ती इथं कोण घेते, मी आणतच नाही. मी स्वतः गळ टाकून पायला. गळ बाभळीत अडकला आन् दोरी तुटली, मासे आपले पाण्यात मजेत.

आन् खडकावर तं चिलापी पडेनाशीच झाली होती. मेहकरचे भागवतभाऊ, मेडिकलवाले, ते या गळवाल्यायचे म्होरके. पावसाळा सरल्यावर त्यायनं सगळ्यायले दम भरला, जो मासा खायचा नाही तो जिवंत पाण्यात सोडायचा, खडकावर फेकायचा नाही. माणूस भला आहे, फक्त उपदेश लय करते. तवा मी चिडली होती, माह्या रविवारच्या जेवणाचं वाटोळं केलं म्हणून. अमीरबी मात्र त्यायले हात जोडून म्हणाली होती, भाऊ, तुमाले सवाब लागन, पुण्य लागन, मुक्या जिवायले वाचवलं तुमी. आता तिच्या पोरीले तीच मासळी पाहिजे होती.

रविवारी अमीरबी सकाळीच आली. मुबीनाले एकटी सोडवेना म्हणून तिलेही घेऊन आली, हॉटेलामागं बाजेवर निजवलं. मंग तलावाकाठी बाभळीखाली जाऊन उभी राह्यली, हातात पिशवी. मी तिच्यामागं गेली. भागवतभाऊच्या गळाले चिलापी लागली. तिले इजा नको म्हणून त्यायनं हात ओले केले, हलकेच गळ काढला आन् सोडून दिली. थोड्या वेळानं पलीकडच्यानं एक सोडली. अमीरबी पाहत होती. पिशवीचे बंद मुठीत आवळून धरले होते. माह्यानं राहवेना. म्हटलं, मी सांगते त्यायले, आन् निघाली. तिनं माह्यं मनगट धरलं.

"पोरगी माही आहे," ती म्हणे. "मागायचं तं मीच मागीन."

पाण्याच्या कडेपर्यंत गेली. तेवढ्यात भागवतभाऊनं आणखी एक चिलापी वर काढली होती, हात ओले करून राह्यले होते.

"भागवतभाऊ, तिले सोडू नका. मले द्या. माह्या पोरीले दिवस गेले आहेत, तिच्या पोटात काहीच ठरत नाही. तिले हीच पाहिजे. मी तुमाले मागून राह्यली."

भागवतभाऊ तटकन उठले. जाळीतला मोठा रोहू काढून तिच्यापुढं धरला, हा घेऊन जा चाची म्हणे. अमीरबीनं मान हलवली. "तो तुमचा आहे. तुमी जे सोडता, तेवढं द्या."

मंग भागवतभाऊनं काठावर हाळी दिली, आज ज्याले चिलापी लागन त्यानं इकडं आणून द्या. आन् गंमत पाहा. जी चिलापी रोज यायचा पिच्छा सोडत नव्हती, ती एकदम गायब! एकाले रोहू लागला, दुसऱ्याले कटला. ज्याले कटला लागला तो कपाळाले हात लावून बसला. एवढे गळवाले चिलापीची वाट पाहत बसलेले मी जन्मात पायले नव्हते. माह्या रागाचं पाणी झालं, सगळ्यायले एकेक चहा माह्याकडून पाजला. ऊन डोक्यावर येईपर्यंत कशीबशी गाडगंभर मासळी जमली. प्रत्येक जिवंत मासा बादलीत पडताना अमीरबी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. माफी मागत असन.

चुलीवर गाडगं चढलं. त्या दिवशी तिच्या हातून विळी दोनदा निसटली. कणीक मी लिंपली. मंग दोघी बसून राह्यलो. नेहमी आमची चुलीपाशी गावभरची उणीदुणी चालतात, त्या दिवशी कोणाचं नाव निघालं नाही.

दिवेलागणीले झाकण फोडलं. आंबटसर वास सुटला तशी मुबीना बाजेवर उठून बसली. अमीरबीनं भाकर कुस्करली, वर रस्सा-मासा घातला आन् घमेलं जवळ सरकवून बसली. मुबीनानं एक घास खाल्ला. थांबली. आम्ही दोघी तिच्या गळ्याकडं पाहत होतो. तिनं दुसरा घेतला. मंग मान खाली घालून खातच राह्यली. एक मासा, दुसरा मासा, आणखी रस्सा वाढ म्हणे. ताट पुसून घेतलं पोरीनं. आम्ही बसून राह्यलो, चूल विझत आली. घमेलं कोरडंच होतं.

मुबीना आडवी झाली तशी अमीरबीनं गाडग्याच्या बुडाशी उरलेला पाला भाकरीच्या तुकड्यानं पुसून तोंडात घातला. चावता चावता थांबली. माह्याकडं पायलं. तुकडा माह्यापुढं केला. मी चाखलं.

मीठच नव्हतं. कणभर नव्हतं. एवढ्या वर्षांत जिच्या हातचं कधी चुकलं नाही, ती बाई त्या दिवशी मीठ घालाले इसरली होती.

अमीरबीनं कपाळाले हात लावला. मी बाजेकडं वळून म्हटलं, "काय वं पोरी, सांगायचं ना! वरून घातलं असतं."

मुबीनानं डोळे उघडले नाहीत. म्हणे, "मले कळलंच नाही मावशी. मले भूक लागली होती."

भूक. कित्येक दिवसांत त्या पोरीच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता. अमीरबीनं पदर तोंडाले लावला आन् ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसली, मीही रडली, लपवून काय करू. थोड्या वेळानं ती उठली, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आन् मले म्हणे, संजीवनीताई, इस्तू फुंका, पोरगी पुन्हा मागन.