गुंजी गेलं तेव्हा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, देवापुढे उभी राहूनसुद्धा नाही — देवाला ठाऊकच असणार, असं म्हणून तिथूनही सुटले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ कशी टाळूला चिकटते, ते पुढे कळेलच.

तसं बघितलं तर गोष्ट एवढीशी आहे. कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही. चार मैत्रिणी गोव्याला निघाल्या आणि तीनच पोचल्या. चौथी गाडीत चढू शकली नाही. का चढू शकली नाही — थांबा, आधी आम्ही कोण ते सांगते. नाहीतर मी घाईघाईनं काहीतरी पुटपुटून मोकळी होईन, आणि ते मला फार चांगलं जमतं.

बेळगावात शिक्षिकेच्या ट्रेनिंगला असताना आम्ही चौघी वसतिगृहाच्या एकाच खोलीत होतो. मी शहापूरची, विणकराच्या घरातली. कुसुम वडगावची, तिच्याही घरी माग. विजया कॅम्पातली, आमच्यात जरा झोकदार राहणारी. आणि सुनंदा निपाणीची. तिची आई दिवसा तंबाखूच्या वखारीत राबायची आणि घरी येऊन विड्या वळायची. घर बौद्ध. वस्तीतली मास्तरीण होणारी ही पहिली मुलगी, आणि ते ओझं ती डोक्यावर भरलेली घागर असावी तशी, मान न हलवता वाहायची.

पहिले काही दिवस सुनंदा पंगतीच्या टोकाला एकटी जेवायची. तिला कुणी काही बोललं नव्हतं. फक्त तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. एके दिवशी कुसुम आपलं ताट उचलून तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्या ताटातली चटणी बोटानं उचलून तोंडात घातली. "लई तिखट हाय गं," एवढंच म्हणाली. तेव्हापासून त्या दोघींचं असं मेतकूट जमलं की आम्ही बाकीच्या दोघी जणू पाहुण्या. मीही सुनंदाशेजारी बसायला लागले — पण सगळ्या बसायला लागल्यावर. दुसऱ्यानं वाट पाडल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नोकऱ्या लागल्या. सुनंदाला गुंजीजवळच्या एका खेड्यातली शाळा मिळाली. चारी बाजूंनी रान, वर्गात पंधरा-वीस पोरं. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. संक्रांतीनंतर जोडून सुट्टी आली, तेव्हा कुसुमनंच ठरवलं, पणजीला जायचं. उतरायचं कुठे, तर माझ्या मावशीकडे. मावशीच्या यजमानांचं पणजीत कापडाचं दुकान. आमच्या शहापूरच्या साड्या तिकडे चांगल्या खपायच्या.

आणि इथूनच सगळं बिघडायला सुरुवात झाली.

मावशी साड्या न्यायला शहापूरला आली होती. कोण कोण येणार, म्हणून तिनं विचारलं. मी नावं सांगितली, आडनावांसकट. सुनंदाच्या आडनावावर ती थबकली. निपाणीत कुठल्या गल्लीत राहतात, एवढंच विचारलं. मग साडीची घडी घालता घालता, आवाज न चढवता म्हणाली, "तुझ्या मैत्रिणी त्या माझ्या लेकी. पण घरात देव हाईत, आन् ती माणसं तुला बघायला येणार हाईत. तू श्यानी हाईस."

ती माणसं म्हणजे माझ्यासाठी आणलेलं स्थळ. आम्ही पणजीत असताना ती सहज म्हणून चहाला येणार होती.

मी काय करायला हवं होतं? मावशीला म्हणायचं, मग आम्ही लॉजवर उतरतो. किंवा सुनंदाला सगळं स्पष्ट सांगायचं. तिनं ठरवलं असतं काय ते. निदान कुसुमच्या कानावर तरी घालायचं! यातलं मी काहीही केलं नाही. सुनंदाला ताप येईल, तिला रजा मिळणार नाही, गाडीच रद्द होईल — असल्या आशेवर मी दिवस काढले. रात्री उठून पाणी प्यायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझी तर चोरी अजून व्हायची होती.

जायचा बेत असा ठरला होता. आम्ही तिघी बेळगावला सकाळच्या गाडीत बसणार, सुनंदा गुंजीला चढणार. चौघींची तिकिटं कुसुमनं बेळगावातच काढायची. गुंजीला गाडी थांबते न थांबते तोच सुटते, आणि बायकांचा डबा पुढे लागेल की मागे, सांगता यायचं नाही. म्हणून कुसुमनं युक्ती काढली. मागावरून उरलेल्या लाल सुताची जुडी ती खिडकीच्या गजाला बांधणार. लाल सूत दिसेल त्या डब्यात सुनंदानं चढायचं. दिसलंच नाही, तर आमची गाडी चुकली असं समजून पुढच्या गाडीची वाट बघायची.

कुसुम आदल्या रात्री वडिलांच्या हाताखाली मागावर जागली होती. गाडीत बसल्या बसल्या तिच्या जांभया सुरू झाल्या. "खानापूर गेलं की उठीव मला," असं म्हणून माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपली. सुताची जुडी तिच्या पिशवीत होती आणि पिशवी माझ्या पायांपाशी. विजया पलीकडच्या बाकावर एका लोंढ्याच्या बाईशी गप्पांत रंगली होती.

खानापूर आलं. खानापूर गेलं.

मी तिला उठवलं नाही. ठरवून का? कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ठरवून नाही, नुसतं राहून गेलं. राहून कसं जाईल? माझी नजर त्या पिशवीवरच खिळलेली होती. उठवते, आत्ता उठवते, त्या वळणानंतर उठवते — असं करत रान दाट झालं आणि गाडीचा वेग कमी झाला.

सुनंदा फलाटावर होती. पोपटी रंगाची नवी साडी, खांद्याला कापडी पिशवी, हातात डबा. ती गाडीच्या पुढच्या टोकाकडून एकेक खिडकी बघत चालत येत होती, मग जरा पळायला लागली. माणसं तिला खेटून चढत-उतरत होती. आमच्या डब्यापासून ती थोडी लांब असतानाच मी खिडकीची झडप खाली ओढली. कुसुमच्या तोंडावर ऊन येत होतं — कुणी विचारलंच असतं तर मी हेच सांगणार होते. उत्तर तयार होतं. म्हणजे बघा, राहून गेलं म्हणणाऱ्या बाईचं उत्तर आधीच तयार होतं.

गाडी हलली.

लोंढ्याला गाडी बदलायची, म्हणून हमाल ओरडायला लागले आणि कुसुम दचकून उठली. गुंजी गेलं, हे कळल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. ती मला एका शब्दानं बोलली नाही. उलट स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. आमच्याकडे बायकाही स्वतःला गेलो-आलो म्हणतात. "मी झोपलो गं, मी झोपलो," एवढंच म्हणत राहिली. विजयानं विचारलं, तू काय करत होतीस गं मग? मी म्हणाले, माझाही डोळा लागला होता.

कुसुम लोंढ्याहूनच मागे फिरायला निघाली होती. मी तिला थांबवलं. सुनंदा पुढच्या गाडीनं येईल की, मावशीचा पत्ता तिच्याजवळ आहे, असं म्हणाले. पत्ता तिला मी कधीच दिलेला नव्हता.

पणजीचं काय सांगू? ऊन असं लखलखीत की डोळे मिटून घ्यावेसे वाटायचे. मिरामारच्या वाळूत विजया लहान पोरीसारखी धावली, साडी गुडघ्यापर्यंत भिजवून घेतली. कुसुम मात्र पाण्याकडे पाठ करून बसली, रस्त्यावरून येणाऱ्या बसकडे बघत. आपण उद्या परत जाऊ, म्हणाली. मी तिला राहायला लावलं, कारण ती माणसं यायची होती. समुद्र मी पाहिला का? पाहिला असणार. मला आठवतं ते एवढंच, की मागून कुणी हाक मारली की सुनंदाच आली म्हणून मी वळून बघायचे. मावशीनं जेवताना विचारलं, चौथी आली नाही वाटतं? तिला जमलं नाही, असं मी म्हणाले. मावशीनं माझ्या भातावर जरा जास्तच तूप वाढलं.

ती माणसं आली, चहा प्याली, मला बघून गेली. स्थळ जमलं नाही. मुलाला म्हणे उंच मुलगी हवी होती. जमलं असतं तर आज मला कमी बोचलं असतं का? तसं वाटत नाही, पण कधीकधी हिशेब करून बघते खरी.

परत आल्यावर कुसुम सरळ गुंजीला गेली आणि सुनंदाला सांगून आली की मी झोपलो, माझं चुकलं. सुनंदा तिच्याशी नीट बोलली नाही. आणि तिथून मला झोप येईनाशी झाली. तिनं मला पाहिलं होतं का? झडप खाली येताना माझा हात, माझ्या बांगड्या, काहीतरी तिच्या नजरेला पडलं असेल का?

थोड्या दिवसांनी सुनंदा माझ्या घरी आली. मागच्या दारी पायरीवर आम्ही बसलो होतो. त्या दिवशी पुढच्या गाडीपर्यंत ती स्टेशनात बसून राहिली होती, मग चालत गावात गेली. दोन दिवस खोलीचं दार लावून आत राहिली, कारण गोव्याला जाते म्हणून साऱ्या शाळेला सांगून झालं होतं. नंतर पोरांनी विचारलं, बाई, समुद्र कसा असतो? "लई मोठा असतोय म्हणून सांगितलं," सुनंदा म्हणाली आणि हसली. ते हसू मला अजून नको वाटतं.

मग तिनं खाली बघत विचारलं, "कुसुमनं मुद्दाम केलं आसंल का गं?"

मी आतापर्यंत जे सांगितलं, ते सांगायला एवढा आटापिटा करायची गरज नव्हती. भित्री माणसं झडपा ओढतातच. मला सांगायचं होतं ते इथं आहे.

तिचा प्रश्न ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? हायसं वाटलं. तिनं मला पाहिलेलं नव्हतं! तिच्या मनात असा संशय का आला, तेही मला ठाऊक होतं. कुसुमच्या आईनं एकदा सुनंदाला वेगळ्या कपात चहा दिला होता. सुनंदा गेल्यावर कुसुम त्यावरून आईशी कडाकडा भांडली आणि दोन दिवस घरात जेवली नाही. तो कप सुनंदानं पाहिला होता. भांडण तिनं पाहिलं नव्हतं. मी दोन्ही पाहिलं होतं.

मी म्हणाले, "आसंलबी."

एवढाच शब्द. सुनंदानं मान हलवली, पदर सारखा केला आणि विषय बदलला. त्यानंतर ती कुसुमशी कधी बोलली नाही. कुसुमच्या लग्नाला गेली नाही. माझ्या लग्नाला मात्र आली, आदल्या दिवशी येऊन राहिली, माझ्या हातावर मेंदी काढली. तू तरी माझी आहेस, असं म्हणायची. मी ऐकून घ्यायचे.

याला आता दहा वर्षं होत आली. सुनंदा बदली होऊन निपाणीत आली आहे, तिला एक मुलगा आहे. कुसुम वडगावातच शिकवते. गेल्या महिन्यात भाजी बाजारात भेटली. केस एवढ्यातच बरेच पिकलेत. पोरांची, शाळेची चौकशी झाली, आणि मी निघणार तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"सुनंदा भेटती न्हवं तुला? तिला सांग, मी खरंच झोपलो होतो. दुसरं काय न्हाय म्हणायचं मला."

सांगतो की, असं मी म्हणाले.

पुढच्या रविवारी सुनंदा आमच्याकडे आली. मी आमटी केली होती, तिनं दोनदा मागून घेतली. आम्ही बदल्यांवर बोललो, तिच्या मुलाच्या खोकल्यावर बोललो, ऑफिसातून आता कन्नडमध्ये येणाऱ्या कागदांवर बोललो. संध्याकाळी तिला स्टँडवर सोडून आले. कुसुमचं नाव मी काढलं नाही.

दोघी जिवंत आहेत. दोघींची घरं मला माहीत आहेत. वडगाव इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि निपाणीच्या बस दिवसभर सुटत असतात.