केळीच्या खोलीतलं ऊन

अशा गोष्टी खोट्या असतात, असं मी नुसतं मानत नव्हते, त्याचा पगार घेत होते. विज्ञानाची शिक्षिका ना! शेजारच्या अक्कांनी विहिरीवर कुणी बाई दिसल्याचं सांगितलं, की मी विचारायचे, "अक्का, तिचं नाव शाळेत घातलंय का?" आणि वर्गात फळ्यावर ठळक अक्षरात — 'कारणाशिवाय काहीही घडत नाही.' खाली रेघ. काय तो तोरा बाईंचा!

मी सावद्याला राहते, जळगाव जिल्ह्यात. आमचा केळीचा धंदा होता, त्यामुळे घरामागे केळी पिकवायची जुनी खोली आहे. खिडकी नाही, फट नाही, एकच जाड दार.

गेल्या मे महिन्यात माझी नात मृणाल राजस्थानातून आली. वाळवंटात आटून गेलेल्या तळ्यांचं वय काढणं हा तिचा अभ्यास. गाळात नळी ठोकायची, दोन्ही टोकं बंद करायची आणि उजेड लागू द्यायचा नाही. गाडलेल्या वाळूत हळूहळू काहीतरी साठत जातं म्हणे, त्यावरून त्या वाळूने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. पुन्हा ऊन लागलं की सगळं पुसलं जातं.

धुळ्याजवळ जीप खड्ड्यात आदळली आणि सगळ्यात खोल थराच्या नळीचं झाकण चिरलं. वरून काळी पिशवी होती म्हणून निभावलं. त्या थराची तेवढी एकच नळी, आणि पीएचडी तिच्यावरच अडलेली.

"आजी, पूर्ण अंधार होईल अशी जागा आहे का गं?"

"आहे की. केळ्यांची खोली."

दोघींचे मोबाइल तिने आधी बाहेर झोपाळ्यावर ठेवले. "तुझा भरवसा नाही," म्हणाली. आत दार लावून तिचा लाल दिवा लावला; तेवढा उजेड वाळूला चालतो म्हणे. भरदुपार होती. मी नळी धरून बसले, ती नवं झाकण बसवत होती.

"आजी, हलू नको ना!"

"मी नाही हलत, गुडघा हलतोय."

झाकण बसलं, टेप गुंडाळून झाली... आणि वीज गेली, दिवा विझला. मे महिना, नवल काही नाही.

आणि छत उजळलं.

लाल नाही — पांढरं, भर उन्हाचं. विहिरीतल्या पाण्यावरून ऊन उलटून आतल्या दगडांवर थरथरतं ना, अगदी तसं... छतभर. गालाला चटका बसला. मृणालचा चेहरा मला कानातल्या डुलांसकट दिसला.

"आजी, मोबाइल बंद कर!" ती किंचाळली.

"अगं, तो झोपाळ्यावर आहे..."

नळी तव्यासारखी तापली होती. मी सोडली नाही. का, ते विचारू नका. मग एकदम काळोख. आम्ही एकमेकींचे हात घट्ट धरून बसलो. माझी कवळी वाजत होती. वीज आल्यावर पाहिलं, तर झाकण, टेप, सगळं जागच्या जागी.

पावसाळ्यात तिचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"आजी, नळीतली वाळू कोरी निघाली. जणू आत्ताच ऊन पाहून आली. सर विचारतायत, उन्हात ठेवली होती का? खरं सांग, गच्चीवर तुझ्या कुरडयांशेजारी तर..."

"बाई गं, मी उशा, गाद्या, डाळी सगळं उन्हात घालते. ती नळी नाही. आणि तू होतीस ना खोलीत?"

मग ती हळूच म्हणाली, "बाहेरून ऊन लागलं असतं तर टोकं आधी गेली असती. टोकं शाबूत आहेत, आजी. फक्त मधलीच वाळू कोरी आहे."

"मग सरांना काय सांगितलंस?"

"काय सांगू? सॅम्पल खराब झालं म्हणाले."

थंडीत ती पुन्हा त्या तळ्यावर जाणार आहे, नवी नळी आणायला. येताना सावद्याला उतरशील का, विचारलं, तर "नाही" म्हणाली. लगेच. लाडकी नात!

मी खोलीला कुलूप घातलंय. फळ्यावर रेघ मारणारी ती बाई आज भेटली तर खडू तिच्याच हातात देईन आणि म्हणेन — लिहा बाई, कारण लिहा. मी बसलेय इथे.