बाटलेलं नाक

गावच्या सहकारी सोसायटीच्या डिझेल पंपावरचा माणूस रोज सकाळी पाण्याची बाटली घेऊन माझ्या दारात यायचा. पंपाची जमिनीतली टाकी झिरपली होती आणि मागच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास लागला होता. दुष्काळात गावात पाणी उरलं होतं ते त्याच विहिरीत. टाकी बदलली, पण वास जाईना. हा पहाटेच उठून पाणी उपसायचा, परातीत ओतून वर तेलाचे रंग तरंगतात का बघायचा, मग बाटली भरायचा. ती माझ्या हातात देऊन लांब उभा राहायचा, त्याच्या कपड्यांचा वास मला येऊ नये म्हणून.

"हुंगा, गुरुजी. माझं नाक डिझेलनं बाटलंय."

'बाटलंय' म्हणताना तो अडखळायचा. आम्ही बौद्ध. माझ्या बापाला गावानं त्या विहिरीच्या कठड्याला हात लावू दिला नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. मीही तुटकपणे सांगायचो, "येतोय वास."

एकदा लोक घागरी घेऊन भांडायला आले. तो कठड्यावर आडवा बसला. "गुरुजी म्हनतील तवाच."

उन्हाळा सरता सरता एका सकाळी मी बाटली तीनदा हुंगली. "न्हाय येत."

तो मला विहिरीवर घेऊन गेला. सारा गाव जमला होता. त्यानं दोर माझ्या हातात दिला.

"पहिलं पाणी तुमी शेंदा."

मी पोहरा वर ओढला. सगळ्यांसमोर तो खाली वाकला आणि त्यानं ओंजळ पुढं केली.