लाल दिवा आणि आमची बेंजो पार्टी

हल्ली सीवूड्सच्या सोसायटीत राहतो. इथं कोणी मोठ्यानं शिंकत पण नाही! मग लग्ना-हळदीत वाजवणारी घणसोली गावातली आमची बेंजो पार्टी फार आठवते. मी बेंजो वाजवायचो. पार्टी बंद पडली, पण जुने दोघंतिघं भेटलो की एक किस्सा निघतो, त्याच्या पोटातून दुसरा, आणि चहा थंड होतो.

आमच्याकडे एक सेकंडहॅण्ड सॅम्पलर होता. कुठलाही आवाज त्यात भरायचा, मग पॅडवर काठी मारली की तो वाजायचा. भरायचं काम रफीकभाईंचं. मूळ रायगडच्या किनाऱ्यावरचे, स्वभावानं हेडमास्तर! आवाज जास्त झाला की मशीनवर लाल दिवा लागायचा आणि आवाज फाटायचा. "लाल लागला की बाद!" हा त्यांचा कायदा.

*

संपत आमचा हलगीवाला. साताऱ्याचा गडी, दिवसा मार्केटला माथाडी. टेस्टला हलगी अशी वाजवायचा, जसं काही शेजारी बाळ झोपलंय. रफीकभाई तशी लेव्हल लावून म्हणायचे, "हां, आता टेक!" आणि हा अंगात आल्यासारखा सुटायचा. लाल!

शेवटी भाईंनी 'टेस्ट' हा शब्दच बंद केला. पहिल्या ठोक्यापासून "टेक!" म्हणायचं आणि गुपचूप लेव्हल लावायची. संपत जाम खूश. सगळ्यांना सांगत फिरला, "भाई आता माझी टेस्ट घेतच नाहीत. डायरेक्ट टेक!"

*

लाल दिव्याच्या धास्तीनं एकदा भाईंनी लेव्हल फारच खाली ठेवली. ताशाचा आवाज एवढासा आला. म्हणून कार्यक्रमात फुल वाढवला, तर प्रत्येक ठोक्यामागं, भरताना आत शिरलेली शेजारच्या वहिनींच्या कुकरची शिट्टी!

आम्हाला घाम फुटला. पोरं मात्र शिट्टीवरच नाचली. पुढची सुपारी द्यायला आलेला माणूस म्हणाला, "ते कुकरवालं पायजे हां!"

*

पॅड वाजवायचा हेमंत, दिवाळे गावचा. त्याची आय मासळी विकायची आणि गावातल्या लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी गायची. तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, आवाज राहीलच असं नाही. आणि हेमंतच्या बहिणीचं, पिंकीचं लग्न त्यानंतर. आय आमच्याकडे आली. "पोरीचे हलदीला धवला मीच गानार. भरून ठेवा तुमचे डब्यान."

रफीकभाई म्हणाले, "आई, आधी लेव्हल बघतो. घरी हाक मारता तशी एक मारा." तिनं मारली. लाल! भाईंनी लेव्हल उतरवली, तिला पार दाराशी उभं केलं आणि मग धवला भरला. एका दमात गायली बाई. आमच्या सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला.

हळदीला पिंकी पाटावर, तोंडभर हळद, डोळे मिटलेले. आय शेजारी, गळ्याला पट्टी. धवल्याची वेळ झाली. हेमंत आयकडे बघत होता, त्यानं काठी मारली ती चुकून बाजूच्या पॅडवर. तिथं टेस्टची हाक होती, पुसायची राहून गेलेली. फाटक्या आवाजात मांडवभर घुमली.

"पिंके गोऽऽ! जेवलीस का?"

पिंकी डोळे न उघडताच ओरडली, "जेवली गो आये!"