पाइपावरची जागा

क्लब बदलता येतो हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही माझ्या सगळ्यात जवळच्या माणसाकडून.

टीव्हीतल्या क्लबांचं सोडा. मी टेलर आहे, आर्णीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. कॉलेजातले पोट्टे परदेशी क्लबांच्या जर्सी घेऊन येतात, बाही कमी करा म्हणतात. यंदा लाल, पुढच्या साली निळी. "काहून बे, लालवाल्यायसाठी तर जीव देऊन राह्यला होता ना?" विचारलं की म्हणतात, "काका, आपला प्लेअर तिकडं गेला ना." मी गुपचूप बाही कापतो. टीव्हीतल्या क्लबाला काय माहीत आहे की आर्णीतला कोणता पोट्टा रुसला आणि कोणता पळाला.

आमचं तसं नव्हतं. आमचा क्लब म्हणजे पुलाच्या अलीकडचे दोन मोहल्ले. ऑटोवाले, सुतार, एक केळीवाला, दोन मास्तर. जर्सीचे नंबर मीच कापून शिवायचो, दुकानात उरलेल्या कापडाचे, त्यामुळं सातचा रंग एक आणि आठचा दुसरा. पुलापलीकडचा क्लब दरवर्षी नवी कोरी किट घालून यायचा, हे आपलं सांगून ठेवतो. कापूस घरात आला की जानेवारीत मैदानावर फुटबॉलची टुर्नामेंट लागते. यवतमाळच्या, दिग्रसच्या, कळंबच्या टीमा येतात, पण गावाचा जीव अडकतो तो आमच्या आणि पुलापलीकडच्यांच्या मॅचमध्ये. आणि कप आम्ही कधीच जिंकलो नव्हतो. एकदाही नाही.

मैदानाच्या आमच्या बाजूला कडुनिंबाखाली सिमेंटचा एक मोठा पाइप पडलेला आहे. कधीतरी नालीसाठी आणलेला, नाली काही झाली नाही. त्या पाइपावर मी आणि माझा दोस्त बावीस वर्षं बसलो. दोस्त म्हणजे गॅरेजवाला. माझ्या दुकानापासून सहा शटर सोडून त्याचं टू-व्हीलर दुरुस्तीचं गॅरेज. उजवीकडं तो, डावीकडं मी. मध्ये दुसरं कोणी बसलं तर लोकच त्याला उठवायचे.

माझा आवाज मोठा आहे. माझा बाप बाजारात बांगड्या विकायचा, त्याचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा, तोच माझ्याकडं आला. मॅच सुरू झाली की माझं तोंड सुटतं. मग रेफरीचे मामे-मावसे बाजूला बसलेत का, हे मी पाहत नाही. एकदा तर आमच्या पोट्ट्यांना कॉर्नर कुठं मारायचा ते मी पाइपावरूनच ओरडून सांगितलं, आणि समोरच्यांनी बरोब्बर तिथं तीन माणसं उभी केली. मी असा हद्दीबाहेर गेलो की दोस्त काही बोलायचा नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचा आणि दाबायचा. बस. मी गप्प व्हायचो. घरी बायकोनं दहादा सांगून जे व्हायचं नाही ते त्या एका हातानं व्हायचं. गॅरेजमधून सरळ आलेला असायचा, त्यामुळं माझ्या सगळ्या पॅंटींच्या उजव्या गुडघ्यावर ऑइलचे डाग. मी त्याला शिव्या द्यायचो, टेलरची पॅंट अशी असली तर गिऱ्हाईक येईल का म्हणून.

आता खांद्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आलं.

माझा लहान भाऊ आमचा गोलकीपर. मालवाहू ऑटो चालवतो. दीड वर्षाआधी पावसाळ्यात झरी जामणीकडून भाडं सोडून येताना ऑटो उलटला आणि त्याचा डावा खांदा निखळला. दोस्तानंच त्याला आपल्या गाडीत टाकून यवतमाळला नेलं, एक्सरे काढला, रात्रभर दवाखान्यात बसला. खांदा बसला, पण हात डावीकडं पूर्ण लांबेना. डॉक्टर म्हणाले, एक वर्ष खेळायचं नाही. भाऊ म्हणाला, "यंदा खेळलो नाही तर मंग कधीच नाही. चौतीस झाले मले." आम्हाला दुसरा कीपर नव्हताच. हे तिघांनाच माहीत होतं: भावाला, मला आणि दोस्ताला. भावानं हात जोडले, "कोनाले सांगू नका." दोस्तानं गळ्याला हात लावला, म्हणाला, "माह्या पोरीची शप्पथ."

आणि त्याच पोरीचं लग्न दिवाळीनंतर झालं, पुलापलीकडच्या क्लबच्या कॅप्टनशी.

लग्नात मी नाचलो. दोस्ताचा पांढरा शर्ट मी शिवला, अशी कॉलर आर्णीत दुसऱ्या कोणाला जमत नाही. मनात एकदाही आलं नाही की याचा मैदानाशी काही संबंध आहे. सोयरीक सोयरीकीच्या जागी, क्लब क्लबच्या जागी.

टुर्नामेंटच्या पहिल्या मॅचला तो आला नाही. म्हटलं गिऱ्हाईक असेल. सेमीफायनललाही नाही. म्हटलं तब्येत असेल. फायनलच्या दिवशी दुपारी मी पाइपावर रुमाल टाकून त्याची जागा धरून बसलो होतो, आणि समोर, मैदानापलीकडं, त्यांच्या शामियान्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर तो बसलेला दिसला. अंगात तोच पांढरा शर्ट, मी शिवलेला. बाजूला व्याही. बावीस वर्षं मी त्याला फक्त बाजूनं पाह्यलं होतं, एक कान, एक गाल. त्या दिवशी पहिल्यांदा मॅचमध्ये त्याचं पूर्ण तोंड समोर आलं.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! मी रुमाल उचलला आणि खिशात कोंबला. लोक बघत होते. कोणीतरी म्हणालं, "जावई आहे ना भाऊ, बसावं लागते." मी म्हटलं, "जावयाले पोरगी दिली का क्लब दिला?" लोक हसले. मला हसू येत नव्हतं.

मॅच एक-एक सुटली. पेनल्ट्या.

पहिली पेनल्टी दोस्ताच्या जावयानंच मारली, भावाच्या उजवीकडं, आणि भावानं अडवली. अरे बाप्पा! निंबावरचे कावळे उडाले असा गलका झाला. मी पाइपावर उभा राहून काय काय ओरडलो ते मला सांगता येणार नाही. माणूस अशा वेळी ओरडतो, लक्षात ठेवत नाही.

दुसरी पेनल्टी त्यांनी डावीकडं मारली. भावाचा हात वीतभर कमी पडला. तिसरी, डावीकडं. मी समोर बघितलं तर दोस्त खुर्चीवरून उठून उभा होता, दोन्ही हात माझ्याकडं करून तळवे खाली दाबत होता. बसा, बसा खाली, असं. माझ्या अंगाची आग झाली. आम्हाला बसायला सांगतो! हरलात, आता बसा! मी त्याच्या सात पिढ्या काढल्या, मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला. चौथी डावीकडं. पाचवी डावीकडं. आम्ही हरलो. भाऊ गोलपोस्टाला टेकून खांदा धरून बसला आणि मला त्याच्याकडं जायचीही हिंमत झाली नाही.

चार पेनल्ट्या डावीकडं. हे काय हवेतून कळतं? खांदा तिघांना माहीत होता. भाऊ सांगणार नाही, मी सांगणार नाही. राह्यला कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजवर गेलो. चार गिऱ्हाईकं उभी होती. तो एका गाडीचा प्लग ब्रशनं घासत होता.

"तू माह्या भावाचा खांदा विकला," मी म्हटलं.

त्यानं वर पाह्यलं. "तुले तसं वाटते का?"

"वाटत नाही. डोयानं पाह्यलं म्या. पोरीची शप्पथ घेतली होती ना बे तू?"

"मंग ठीक आहे," तो म्हणाला आणि पुन्हा प्लग घासायला लागला.

नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. भांडला असता, आईवरून शिवी दिली असती, तरी मी घरी जाऊन जेवलो असतो. ते 'ठीक आहे' मला आठ महिने चावलं. दुकानात येऊन मी मापाची वही काढली. त्याच्या नावाचं पान होतं, कंबर अठ्ठावीसपासून छत्तीसपर्यंत, दरवर्षीचं माप एकाखाली एक. ते पान फाडलं आणि चहाच्या टपरीवरच्या शेगडीत टाकलं. स्कूटर दुरुस्तीला दुसऱ्याकडं द्यायला लागलो. त्यानं ती अशी बिघडवली की उतारावरही ढकलावी लागायची, तरी मी सहा शटर पलीकडं गेलो नाही. तो समोरून आला की मी मोबाइल कानाला लावायचो. आणि जो भेटेल त्याला सांगायचो, दोस्तानं शप्पथ मोडली म्हणून. लोक ऐकायचे. कोणी हो म्हणायचं नाही, कोणी नाही म्हणायचं नाही. मला वाटायचं, लोकांना वाईट वाटतं माझ्यासाठी.

पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात, एका दुपारी, भाऊ दुकानात आला. ग्लोव्हजची पट्टी उसवली होती. मी मशीनवर बसलो, तो मोबाइल पाहत बाकावर बसला. क्लबच्या ग्रुपवर कोणीतरी फायनलचा व्हिडिओ टाकला होता, कडुनिंबाखालून काढलेला, पाइपाच्या अगदी मागून. मी म्हटलं, "दाखव." त्यानं आधी मोबाइल खिशात घातला. "कायले पाह्यतं आता?" म्हणाला. मी हिसकावून घेतला.

पहिली पेनल्टी अडवली. गलका. आणि त्या गलक्यावरून एक आवाज, बांगड्यावाल्याचा आवाज, इतका साफ की शब्दन्शब्द कळत होता:

"उजवीकडंच राय रे! डावीकडं हात लांबवू नको! डावा खांदा सांभाळ, निखळून जाईन!"

एकदा नाही. तीनदा, चारदा. पेनल्टी मारायला येणारा त्यांचा पोट्टा चालता चालता पाइपाकडं मान वळवून पाहतो, तेही दिसत होतं. आणि पार पलीकडं, बोटाएवढा, पांढऱ्या शर्टात माझा दोस्त. उभा. दोन्ही तळव्यांनी हवेतच काहीतरी खाली दाबत होता. एकदम जोरात. त्याचा व्याही त्याचा शर्ट ओढत होता.

बसा म्हणत नव्हता तो. माझा गुडघा दाबत होता. मैदानापलीकडून.

मशीन मी कधी थांबवलं कळलं नाही. भावाला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"साऱ्या गावाले माहीत आहे, दादा. तू काय हयू आवाजात बोलतं का?"

"मंग सांगतलं काहून नाही मले?"

भावानं मशीनवरचा ग्लोव्ह उचलून पट्टी ओढून पाहिली. "तू माह्या खांद्यापायीच ओरडत होता. कसं सांगू?" मग म्हणाला, "तुह्ये दोस्त बी नाही बोलले. म्हने, त्याले माह्यावर राग येऊ दे. सोतावर आला तर तो मैदानात येनार नाही."

मी उठलो. शटर अर्धं ओढलं आणि सहा दुकानं चालत गेलो. माफी मागायलाच गेलो होतो, देवाशप्पथ. रस्त्यानं वाक्यही तयार केलं होतं. तो स्टुलावर बसून चहा पीत होता. मी समोरच्या स्टुलावर बसलो आणि तोंडातून निघालं भलतंच.

"तू कायले गेलता तिकडं? आं? त्या खुर्चीवर काय सोनं लागलं होतं? इकडं बसला असता, माह्या बाजूले, तर म्या काहून ओरडलो असतो? तुले माहीत नाही का मी कसा आहो ते? बावीस वर्षं माहीत आहे ना बे तुले? आन् तरी गेला! मंग चूक कोनाची? सांग ना, चूक कोनाची?"

मी ओरडतच होतो. माझं मलाच ऐकू येत होतं, लोक थांबत होते, पण थांबता येत नव्हतं. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला, पुढं झुकला आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला.

मी गप्प झालो. माझ्या नाकातून पाणी यायला लागलं, मी ते बाहीनं पुसलं.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "यंदा बी मी तिकडंच बसीन. पोरगी वाट पाह्यते. तिच्या सासरचे पाह्यतात." हात अजून गुडघ्यावरच होता. "तू भावाले सांग, मॅचले तुह्या बाजूले कोनाले तरी बसव म्हनून."

मी हो म्हटलं. घरी आल्यावर बायकोनं पॅंट पाहिली आणि म्हणाली, "भेटले वाटते." त्या डागाची पॅंट मी धुवायला टाकली नाही. या जानेवारीत तीच घालून पाइपावर बसलो. बाजूला भावानं केळीवाल्याला बसवलं होतं. चांगला माणूस आहे, पण माझा आवाज चढला की तोही माझ्याबरोबर ओरडतो.