उघडा भाव

मावसबहीण सुमन डाळिंबं विकायला बाजार समितीत निघाली, तेव्हा मीही सोबत गेलो. तिचा अडत्या मोबाईल नाचवत म्हणाला, "आता लिलाव यावर, ताई. भाव सगळ्यांसमोर उघडा. लपवाछपवी बंद."

आपणहून असं सांगणारा माणूस भेटला की मी पिशवी जरा घट्ट धरतो.

पूर्वी इथे अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. माल समोर, मालक समोर, भाव तेवढा अंधारात. नवं यंत्र आलं म्हणजे उजेड आला, असं आपण धरून चालतो. मला मात्र प्रश्न पडतो, ती बोटं गेली कुठे?

तेवढ्यात एक व्यापारी आला. सुमनने लिलाव बघायला आपला मोबाईल उघडला होता, पण त्यावर अजून नुसतं चाक फिरत होतं. अडत्याने खांद्यावरचा रुमाल ओढला, आपल्या मोबाईलवर धरला आणि दोघांनी त्याखाली डोकी घातली.

"काय बघताय?" सुमनने विचारलं.

"काही नाही ताई, उन्हात स्क्रीन दिसत नाही."

सुमनने मान डोलावली. मी वर पाहिलं. आम्ही सगळे पत्र्याच्या शेडखाली उभे होतो.